कॅम्परसाठी जनरेटर: गाडीत बसवलेला घ्यावा की सुटा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एका वाक्यात सांगा, कोणता घ्यायचा?

एकच एसी, चार-पाच माणसं आणि महिन्यातून दोन-तीन मुक्काम असतील तर दोन ते तीन केव्हीए क्षमतेचा सुटा इन्व्हर्टर जनरेटर (भाराप्रमाणे वेग बदलून स्थिर वीज देणारा) आणि सोबत लिथियम बॅटरी. गाडी भाड्याने चालवायची असेल, दोन एसी असतील किंवा जनरेटर चालू-बंद करणारा माणूस रोज बदलणार असेल, तर गाडीत बसवलेला. मराठवाड्यात हा निर्णय एसीच करतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एसी लागतच नाही. तेवढ्याच दिवसांत फिरायचं असेल तर दोन्ही प्रकार विसरा आणि ते पैसे सोलर आणि बॅटरीत घाला.

किती केव्हीएचा घ्यायचा, हे कसं काढायचं?

गाडीतल्या सगळ्या वस्तूंचे वॅट जोडून आकडा काढू नका. एका वेळी काय काय चालणार, तेवढंच जोडा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरावर हजार ते अकराशे वॅट घेतो, गारवा धरला की पाचशे-सहाशेवर येतो. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ५० वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅट, बॅटरी चार्जर ३५० वॅट. बेरीज दीड हजाराच्या आसपास जाते. यात १८०० वॅटची इंडक्शन शेगडी बसत नाही. ती लावायची तर तेवढ्यापुरता एसी बंद करून शेगडी कमी वॅटवर ठेवावी लागते, नाहीतर स्वयंपाक गॅसवर करावा लागतो. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर या गणितात धरूच नका.

आता डब्यावरचा आकडा. '२.२ केव्हीए' हा बहुतेक वेळा काही मिनिटांसाठीचा कमाल आकडा असतो. सलग देण्याची क्षमता १८०० वॅट लिहिलेली असते, तीच धरायची. त्यातूनही कापावं लागतं. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला साधारण ३ टक्के आणि २५ अंशांच्या वर दर साडेपाच अंशांना १ टक्का ताकद घटते. छत्रपती संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो. म्हणजे नऊ-दहा टक्के गेले आणि १८०० चे राहिले १६२०-१६३०. म्हैसमाळला हजार मीटरच्या वर चढलात की आणखी थोडे जातात. वरचं दीड हजाराचं गणित यात बसतं, पण जेमतेम.

जुना, इन्व्हर्टर नसलेला एसी असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू करंटच्या चार-पाच पट ओढतो आणि दोन केव्हीएचं यंत्र तिथेच मान टाकतं. यावर हा सुरुवातीचा झटका कमी करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवता येतो. तरी मोठा जनरेटर घेण्यापेक्षा एसी बदलणं स्वस्त पडतं.

बसवलेल्या जनरेटरचा खरा फायदा काय?

बटण. गाडीच्या आतून सेल्फ मारला की चालू. पावसात उतरायचं नाही, दोरी ओढायची नाही, रात्री कोणी उचलून नेईल याची काळजी नाही. तुळजापूरला नवरात्रात किंवा परळीला महाशिवरात्रीच्या गर्दीत पार्किंगमध्ये गाडीला गाडी लागलेली असते. तिथे सुटा जनरेटर ठेवायला सुरक्षित जागाच नसते. खरं म्हणजे अशा गर्दीत बसवलेलाही चालवू नये. धूर सरळ शेजारच्या गाडीच्या खिडकीत जातो.

दुसरा फायदा क्षमतेचा. चार-पाच किलोवॅटवर दोन एसी आणि शेगडी एकत्र चालते. बारा-पंधरा माणसांची मोठी गाडी भाड्याने देणाऱ्याला याला पर्याय नाही.

मग तोटे?

वजन हा पहिला. पाच केव्हीएचा सायलेंट डिझेल संच तीनशे किलोच्या आसपास किंवा वर जातो, म्हणजे चार माणसं कायमची गाडीत बसवल्यासारखं. आरसीवरच्या एकूण वजनात पाण्याची टाकी, बॅटऱ्या, फर्निचर आणि माणसं धरून हे बसतं का, ते आधी वजनकाट्यावर पाहा. मोंढ्यातल्या कुठल्याही काट्यावर भरलेली गाडी पुढची चाकं वेगळी आणि मागची वेगळी अशी तोलून मिळते. मागच्या ओव्हरहँगवर (मागच्या चाकांच्या पलीकडे निघालेल्या भागावर) जनरेटर टांगला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगतं.

दुसरा तोटा उष्णतेचा, आणि आपल्याकडे तोच जास्त छळतो. कप्प्याला थंड हवा आत यायची एक वाट आणि गरम हवा बाहेर जायची दुसरी वाट लागते, आणि दोन्ही एकमेकांपासून लांब लागतात. दोन्ही जाळ्या शेजारी-शेजारी काढल्या तर बाहेर फेकलेली गरम हवा तीच पुन्हा आत ओढली जाते. मे महिन्यात दुपारी तापलेल्या डांबरावर उभ्या गाडीखालची हवा सावलीतल्या पाऱ्यापेक्षा आधीच बरीच गरम असते. त्यात हा घोटाळा झाला की अर्ध्या तासात यंत्र ट्रिप होतं आणि दोष यंत्राच्या माथी बसतो. कप्पा बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला कंपनीच्या पुस्तकातली जाळीची मापं दाखवा. 'एवढं पुरेल' या अंदाजावर सोडू नका.

तिसरा तोटा इंधनाचा. परदेशी कॅम्परमध्ये बसवलेला जनरेटर गाडीच्याच टाकीतून इंधन घेतो आणि त्याची नळी साधारण पाव टाकीच्या वरच संपते, म्हणजे गाडी कोरडी पडत नाही. आपल्याकडे बहुतेक ट्रॅव्हलर, विंगर डिझेलवर चालतात. पेट्रोलचा हलका जनरेटर बसवला तर वेगळी टाकी आली, तिची वाफ आली आणि तिचं ठिकाण शोधणं आलं.

डिझेल बसवला की पेट्रोलचा खर्च वाचतो ना?

पूर्ण भारावर वाचतो. एका युनिटला डिझेल संच साधारण ०.३ ते ०.३५ लिटर घेतो, छोटा पेट्रोल जनरेटर अर्धा लिटर किंवा थोडं जास्त. पण रात्रभर एकच एसी सरासरी ६०० वॅटवर चालत असेल, तर चार किलोवॅटच्या डिझेल संचावर तो फक्त १५ टक्के भार आहे. तीस टक्क्यांच्या खाली डिझेल इंजिन दीर्घकाळ चालवलं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, सायलेन्सरमधून काळं तेलकट पाणी गळायला लागतं, नोझल आणि व्हॉल्व्हवर काजळी बसते. महिन्यातून दोन-तीन वेळा तासभर ७० ते ८० टक्के भार टाकून चालवला तर बरीचशी जळून जाते. 'भविष्यात लागेल' म्हणून मोठा डिझेल घेणाऱ्यांचे संच बहुतेक याच रोगाने आजारी पडतात.

सुटा जनरेटर एका रात्रीत किती पेट्रोल पितो?

१८०० वॅटचं चांगलं इन्व्हर्टर यंत्र ६०० वॅटवर तासाला अर्धा लिटर किंवा थोडं जास्त घेतं. आठ तासांना सव्वाचार-साडेचार लिटर. या आकाराच्या यंत्रांची टाकी साडेतीन लिटरच्या आसपास असते. म्हणजे रात्री दहाला लावलं तर पहाटे साडेचारच्या सुमारास बंद पडणार आणि ऐन साखरझोपेत घामाने जाग येणार. परभणीच्या पेट्रोलचा चढा दर अनेकदा बातम्यांत आला आहे, तो हिशेबात धरा. रोज रात्रभर चालवायचं ठरवलं तर महिन्याचा आकडा हॉटेलच्या खोलीशी स्पर्धा करतो.

म्हणून रात्रभर चालवायचाच नाही?

आमचं मत तसंच आहे. संध्याकाळी सात ते दहा जनरेटर चालवा. तेवढ्यात एसीने गाडी गार करा आणि बॅटऱ्या भरून घ्या. दहानंतर यंत्र बंद, एसी बॅटरीवर. २०० अँपिअर-अवरची एक १२ व्होल्ट लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट. इन्व्हर्टरमधली घट आणि तळाशी राखायचा साठा वजा केला तर हाती दोनच्या आसपास येतात, म्हणजे ६०० वॅटवर साडेतीन तास. दोन बॅटऱ्यांत रात्र निघते. वरचा ३५० वॅटचा चार्जर म्हणजे साधारण २५ अँपिअर, तो तीन तासांत ७५ अँपिअर-अवर भरतो. उरलेलं दिवसा गाडी चालताना तिच्या अल्टरनेटरवरून डीसी-डीसी चार्जर भरतो. ४० अँपिअरचा असेल तर तुळजापूरहून छत्रपती संभाजीनगरला पोहोचेपर्यंत एक बॅटरी जवळपास भरलेली असते. छतावर ४०० वॅटचं पॅनेल असेल तर निरभ्र दिवशी दीड ते पावणेदोन युनिट त्यातून येतात. आपल्याकडे पावसाळ्याचे दिवस सोडले तर उन्हाची वानवा नाही.

एक सावधानता: लिथियमच्या पेशींना ४५ अंशांच्या वर चार्जिंग मानवत नाही, चांगला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) ते तोडतो. बॅटरी जनरेटरच्या कप्प्याला चिकटवून बसवू नका. सीटखाली, एसीची हवा पोहोचेल अशा जागी ठेवा.

रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादाही कडक आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र.

सुटा जनरेटर नेमका कुठे ठेवायचा?

गाडीपासून किमान सहा मीटर, आणि धुराचं तोंड गाडीच्या, तंबूच्या आणि माणसांच्या उलट दिशेला. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, तेव्हा यंत्र गाडीच्या पूर्वेला ठेवा. दाराजवळ उघडा मांडव लावला असेल तर त्याच्या खाली यंत्र कधीच नाही, कितीही पाऊस असो. पावसासाठी वर पत्र्याचं छप्पर चालतं, चारी बाजू उघड्या हव्यात. आवाज कमी व्हावा म्हणून लाकडी पेटीत कोंडणं हा आणखी एक प्रकार दिसतो. यंत्र तापून मरतं किंवा पेटतं.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं हीच खूण, आणि झोपेत तीही कळत नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म झोपण्याच्या जागेजवळ लावा. गाड्यांसाठीच्या अलार्मवर ईएन ५०२९१-२ हा मानक लिहिलेला असतो. तो नसलेला घेऊ नका. बसवलेल्या जनरेटरलाही हे सगळं तितकंच लागू आहे: सायलेन्सरची नळी गाडीच्या कडेच्या थोडी बाहेर निघालेली हवी, खाली मधेच संपलेली नको. फरशीतली वायरिंगची भोकं रबर ग्रोमेट आणि सीलंट लावून बंद हवीत.

काळ्या जमिनीवर गाडी उभी असेल तर?

पावसाळ्यात उभी करूच नका. काळी माती भिजली की जनरेटरचे पाय रुततात, यंत्र कलतं आणि तेलाचा सेन्सर ते बंद करतो. लोक 'बिघडला' म्हणून गॅरेज शोधतात. खाली जाड प्लायचा तुकडा टाका. उन्हाळ्यात उलट अडचण: जमीन भेगाळते आणि अर्थिंगचा रॉड कोरड्या मातीत ठोकून काही उपयोग होत नाही.

एप्रिल-मेमध्ये वाळलेलं गवत किंवा उसाचं पाचट याच्यावर गरम सायलेन्सर आला तर आग निश्चित. यंत्राभोवतीची जागा फावड्याने साफ करा, जवळ दोन किलोचं ड्राय पावडर अग्निशामक ठेवा.

अर्थिंग आणि आरसीसीबीचं काय?

हा प्रश्न क्वचित विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक सुट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. त्यामुळे गाडीत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवूनही तो वेळेवर पडत नाही. फेज गाडीच्या बॉडीला टेकला तरी करंटला परतीचा रस्ता नसतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. दुसरा बिघाड झाला की मग झटका बसतो. उपाय: जनरेटरच्या बाजूला न्यूट्रल आणि अर्थ एकाच ठिकाणी जोडायचे, आणि जनरेटरची अर्थ वायर गाडीच्या चेसिसला न्यायची. महावितरणची वीज लावल्यावर मात्र हा जोड राहता कामा नये, कारण तिकडे तो त्यांच्या बाजूला आधीच असतो. म्हणून चेंजओव्हर स्विच (जनरेटर किंवा लाइट, एका वेळी एकच जोडणारा) दोन पोलचा घ्या, फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा. काम झाल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण जनरेटरवर एकदा आणि लाइटवर एकदा दाबून पाहा. या कामासाठी घरगुती फिटिंग करणारा नको. डीजी (डिझेल जनरेटर) संचावर काम केलेला वायरमन शोधा.

दोन्ही टोकांना मेल पिन असलेली वायर बनवून जनरेटर थेट घराच्या किंवा गाडीच्या प्लगमध्ये घालायचा 'जुगाड' कोणी सुचवला तर त्याला हात जोडा. ती पिन उघडी असते आणि तिच्यात २३० व्होल्ट असतात. गाडीला बाहेरून १६ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल इनलेट बसवा आणि तीन कोअरची अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची रबर वायर, वीस मीटरपर्यंत. वापरताना रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापून वितळते.

नव्या पेट्रोलने कार्बोरेटर चोक होतो, हे खरं का?

खरं, पण दोष इथेनॉलपेक्षा ठेवणीचा असतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. महिनाभर कार्बोरेटरच्या वाटीत पडून राहिलं की पाण्याचा थर खाली बसतो, वर चिकट राळ तयार होते. जेटचं भोक केसाएवढं बारीक असतं, ते बंद होतं. लक्षणं ओळखीची आहेत: यंत्र फक्त चोकवर चालतं, किंवा भार नसताना आवाज वर-खाली, वर-खाली होत राहतो.

ठेवून देण्याआधी हे करा. यंत्र चालू असताना पेट्रोलचा कॉक बंद करा आणि ते स्वतः विझेपर्यंत चालू द्या. मग वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल बाटलीत घ्या. दोन महिन्यांहून जास्त ठेवायचं असेल तर टाकीही रिकामी करा. चोक झालाच असेल तर वाटी खोलून मुख्य जेट काढा, कार्बोरेटर क्लीनर मारा आणि उजेडासमोर धरून भोक गोल दिसतं का पाहा. आत घालायची तर वायरीतली तांब्याची एक बारीक तार घाला. सुई किंवा ड्रिल घातलं की भोक मोठं होतं आणि यंत्र कायमचं जास्त पेट्रोल प्यायला लागतं.

पेट्रोल सोबत किती नेता येतं?

विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, धातूचा डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको आणि झाकण घट्ट हवं. प्लॅस्टिकच्या बाटल्या नकोत. डबा माणसांच्या केबिनमध्ये नाही, बाहेरच्या हवेशीर खणात ठेवा. घरगुती गॅसचं सिलिंडर लावून जनरेटर चालवणं बेकायदा आहे, धोका वेगळाच.

देखभाल कशाची आणि कधी?

पहिलं ऑइल २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी. १०डब्ल्यू-३० बहुतेक यंत्रांना चालतं. भर उन्हाळ्यात मोठ्या भारावर चालणाऱ्याने पुस्तकात काय लिहिलंय ते पाहून जाड घ्यावं. एअर फिल्टर पुस्तकात दर ५० तासांनी लिहिलेला असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा कच्च्या रस्त्यालगत मुक्काम असेल तर तो १५-२० तासांतच मातीने भरतो. फोम फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे थेंब चोळा, पिळून घ्या. पेट्रोलमध्ये धुऊ नका. व्हॉल्व्हची फट दर ३०० तासांनी तपासून घ्या.

बसवलेल्या संचाला हेच सगळं, फक्त हात पोहोचायला जागा नसते. कप्पा बनवताना ऑइल फिल्टर आणि ड्रेन प्लग कुठल्या बाजूला येतो ते पाहा. संच बाहेर सरकणाऱ्या ट्रेवर बसवला असेल तर मिस्त्री निम्म्या मजुरीत काम करतो.

आरटीओ आणि विमा?

सुट्या यंत्राला काही लागत नाही. गाडीत कायमचा बसवला की तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदल ठरू शकतो. पूर्वपरवानगी घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर आगीच्या दाव्यात पहिला प्रश्न तोच येईल. कारखान्यातूनच मोटर कॅरव्हॅन म्हणून एआयएस-१२४ या वाहन मानकाप्रमाणे मंजूर झालेली गाडी घेतली तर ही कटकट बरीच कमी होते. डिझेल संच घेताना त्यावर सीपीसीबीची (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची) पट्टी आणि एक मीटरवर ७५ डेसिबलची नोंद आहे का पाहा. जुना, पट्टी नसलेला संच स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका.

दोन छोटे घेऊन जोडता येतात का?

येतात. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि त्यांच्याच पॅरलल किटने. मे महिन्यात दोन्ही न्यायचे, बाकी वर्षभर एक. एक बंद पडला तरी फ्रिज आणि पंखा चालतो. वजन प्रत्येकी वीस-बावीस किलो, एका माणसाला उचलता येतं. तीन केव्हीएचं एकच यंत्र साठ किलोच्या आसपास जातं आणि ते डिकीतून उतरवायला दोघं लागतात. आम्हाला ही जोडी जास्त पटते.

अजिंठ्याला गाडी पार्किंगमध्ये ठेवून आत एसी चालू ठेवता येईल का? कुत्रा आहे.

नाही. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून पुढे बसने जावं लागतं, म्हणजे तुम्ही चार किलोमीटर लांब असता. ट्रिप झालेला जनरेटर मे महिन्यात वीस मिनिटांत गाडीची भट्टी करतो. ऑटो-स्टार्टवर भरवसा ठेवून जिवंत प्राणी आत सोडू नका. दोघांनी आळीपाळीने लेणी पाहावीत.

मंडपवाल्याकडून भाड्याने आणून आधी चालवून पाहिलं तर?

भार मोजायला चांगलं, पण ती यंत्रं साध्या अल्टरनेटरची असतात. भार नसताना ५२ हर्ट्झच्या वर आणि भार टाकला की ४८ च्या खाली, व्होल्टही तसेच हलतात. इन्व्हर्टर एसीचं सर्किट आणि लॅपटॉप त्यावर लावण्याआधी मल्टिमीटरने बघा: २१० ते २४५ व्होल्ट आणि ४९ ते ५१ हर्ट्झच्या मधे स्थिर असेल तरच लावा. आणि वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर सोबत घ्या. एसी सुरू होताना, स्थिरावल्यावर आणि चार्जर लावल्यावर असे तीन आकडे लिहून काढा. दुकानात जाल तेव्हा तो कागद दाखवा.